भावाची डिस्क

गोरेगावात माझा आणि मोठ्या भावाचा फोटो स्टुडिओ होता. कॉम्प्युटरच्या डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत जुनी, फॅट नावाची होती. वीज गेली की एखादी फाइल हमखास बिघडायची. एनटीएफएस ही नवी पद्धत असे धक्के जास्त सोसते, हे मी भावाला अनेकदा सांगितलं.

"कायले बदलवतोस? चालून राहिलं ना," तो म्हणायचा.

एका लग्नाचे सगळे फोटो असेच गेले. नवरीचा बाप दुकानात शिव्या देऊ लागला, तेव्हा भावानं माझ्याकडे बोट दाखवलं. "यानंच बिघडवलं."

त्याच दुपारी, त्याला न विचारता, मी उरलेल्या फाइली सीडीवर उतरवल्या आणि डिस्क एनटीएफएस केली. पुढे फाइली टिकल्या. आम्ही मात्र एकाच टेबलाशी बसून गिऱ्हाइकामार्फत बोलायचो. मला त्या अबोल्याचं वाईट वाटलं नाही.