अनारशांचा डबा

आमच्या कॅनडातल्या केंब्रिजमध्ये कुणी पुण्याला निघालं की लोकांना त्याच्याबद्दल एकाएकी माया वाटू लागते. तब्येतीची चौकशी होते, थंडीची होते, आणि मग हळूच, येताना एवढंसं आणाल का? बाकीचे वजनाचं कारण सांगून सुटतात. सूर्यकांतकाका कधी सुटले नाहीत, कारण त्यांना सुटायचंच नसतं.

काका बहात्तर वर्षांचे. इथल्या गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी क्वालिटी तपासणीत काढली. दारावरचा केसाएवढा ओरखडा ते नुसता अंगठा फिरवून पकडत. पण लोकांनी दिलेलं पार्सल उघडून बघणं त्यांना असभ्यपणा वाटतो. वनिताकाकू होत्या तेव्हा त्या प्रत्येक पुडी उघडत, हुंगत, दोन वस्तू परत पाठवत आणि लोकांचे टोमणे खात. काकू जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून काकांच्या बॅगेला राखणदार नाही.

यंदा दिवाळी करून ते परत यायला निघाले, तेव्हा मीही हात धुऊन घेतले. माझ्या बहिणीच्या, स्वप्नालीच्या हातचे अनारसे चार वर्षं मिळाले नव्हते. ती काकांच्या पुण्याच्या घरी डबा देऊन आली. मी इथून फोनवर काकांना बजावलं, की चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, चुरा होतो, हातातल्या बॅगेतच ठेवा. हे वाक्य माझं आहे. ते मी नंतर फार वेळा आठवलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी दुबईत एक अख्खा दिवस ठेवला होता. काकूंना ते शहर बघायचं होतं, ते राहून गेलं, म्हणून आता काका एकटेच बघणार होते.

शनिवारी सकाळी उठले तर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर काकांचे सतरा फोटो. आमच्याकडे सकाळचे सात, तिकडे दुपारचे चार. सगळ्यात उंच इमारतीसमोर काका, ड्रायव्हर नसलेल्या मेट्रोत पहिल्या डब्यात लहान मुलासारखे काचेला नाक लावून काका. मॉलमध्ये केलेल्या बर्फासमोर काका, खाली लिहिलेलं, ‘इथे लोक तिकीट काढून बर्फ बघतात. यांना आमच्या ड्राइव्हवेवर बोलवा, वर बर्फ उपसायला शोव्हलही देतो.’ मी मोठ्यांदा हसले. प्रत्येक फोटोत त्यांच्या खांद्याला ती खाकी बॅग होती.

देवेश, माझा नवरा, चहा पिताना फोटो बघत होता. त्याने विचारलं, तुझे अनारसे त्या बॅगेत आहेत ना? आणि मग कप खाली ठेवून म्हणाला, "नीलिमा, तिकडे खसखस चालत नाही. आमच्या ऑफिसमधला तो दुबईहून आलेला सांगत होता, ड्रगमध्ये मोजतात."

मी त्याला वेड्यात काढलं. खसखस म्हणजे काय अफू आहे का, असं म्हणता म्हणताच माझा आवाज बारीक झाला, कारण ती त्याच बोंडातली. फोनवर शोधलं. बंदी घातलेल्या वस्तूंच्या यादीत खसखस होती. दुबईत शिरताना काका निभावले होते, पण निघताना बॅग पुन्हा मशीनमधून जाणार होती.

मी फोन लावला. काकांचा फोन जन्मापासून सायलेंटवर. आठ वेळा लावला. ग्रुपवर लिहावं तर तिथे दोनशे लोक, आणि काकांना गोत्यात कुणी आणलं हे सगळ्यांना कळलं असतं. मला लाज वाटली, खरं सांगते, जीव टांगणीला लागलेला असतानाही लाज वाटली. फक्त काकांना मेसेज पाठवला: ‘काका, अनारशांचा डबा तिथेच कुठेतरी टाकून द्या. कारण नंतर सांगते.’ कारण लिहायला देवेशने मनाई केली. फोन कुणी तपासला तर, म्हणाला.

मेसेजखालच्या टिका निळ्या होईनात. काका फोटो पाठवतात, वाचत काही नाहीत. वाचायला चष्मा काढावा लागतो बॅगेतून. दर अर्ध्या तासाने ग्रुपवर नवा आनंद येत होता. होडीतून खाडी ओलांडताना काका, सोन्याच्या बाजारात भाव विचारून पळ काढलेले काका. एका फोटोत दारावर उभ्या पोलिसाच्या शेजारी, बॅग पोटाशी धरून, दात काढून हसताना. लोक अंगठे देत होते. माझी लेक केया म्हणाली, "मम्मा, ही इज जस्ट हॅविंग फन." मी तिच्यावर उगाच ओरडले. जेवण गेलं नाही.

दुपारी पाचला टिका निळ्या झाल्या. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं: ‘ओके. डबा आता माझ्याकडे नाही. चेकिंग झालं. कॉफी पितोय.’

माझा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी मी गाणं लावून पोळ्या केल्या.

रविवारी काका पोहोचले. संध्याकाळी मी पिठलं-भात घेऊन त्यांच्याकडे गेले. दिवसभराचं रसभरीत वर्णन झालं. मग थोडे ओशाळून त्यांनी डब्याचा विषय काढला.

"टाकून कसा देणार गं? खायची वस्तू, तीही दिवाळीची. एअरपोर्टवर रांगेत माझ्यापुढे महाडचा एक माणूस होता. पन्नाशीचा, वेल्डर. तीन वर्षांनी घरी चालला होता. मराठी ऐकून इतका खूश झाला. मग दिला त्यालाच. म्हटलं, लेकींना द्या."

मी विचारलं, मग तो गेला ना नीट?

काका भात कालवत होते. "माझी बॅग सरळ गेली. त्याची उघडायला लावली बहुतेक. मागे वळून पाहिलं तर त्याला बाजूला उभं केलं होतं, दोघंजण आले होते. माझ्याकडे बघून हात करत होता. मीही केला, बाय म्हणून. थांबायला हवं होतं, पण माझं गेट लांब होतं."

त्याचं नाव काकांनी विचारलं नव्हतं. फोटो मात्र काढला होता, तो त्यांनी मला दाखवला. निळा शर्ट, पिकलेल्या मिशा, हातात डबा. झाकणावर स्वप्नालीने चिकटपट्टी लावून माझं नाव लिहिलं होतं.

"पण टाकायला का सांगितलंस?" काकांनी विचारलं.

तीस वर्षं ओरखडे शोधलेला माणूस माझ्याकडे बघत होता. मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, तूप खवट झालं असेल असं वाटलं.

"छे गं," काका म्हणाले. "त्याने तिथेच झाकण उघडून वास घेतला. म्हणाला, अगदी घरच्यासारखे आहेत."