मंगलाष्टकातला व्हायरस

वर्ध्याला बसस्टँडजवळ लग्नपत्रिका छापणारा एक माणूस बसतो. नाव मी विचारलं नाही. त्याच्या खिशाला तीन पेनं होती आणि सगळी हुशारी तिथेच लटकलेली होती.

नातीच्या पत्रिकेत मी रचलेलं मंगलाष्टक जायचं होतं आणि संध्याकाळी छपाई होती. घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करून मी ते पेन ड्राइव्हमध्ये नेलं होतं. त्याने ते कॉपी करून पत्रिकेत पेस्ट केलं, तर नवरीच्या नावासकट सगळीकडे कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरं उमटली.

त्याने पेन ड्राइव्ह काढला, फुंकर मारली, पँटवर घासला, पुन्हा लावला. पुन्हा तेच कंस. मग गंभीर होऊन म्हणाला, "आजी, तुमच्या मंगलाष्टकात व्हायरस हाय. दुसरं लिहून आना."

"अरे बापू, जुन्या फॉन्टमधलं हाय ते. तोच फॉन्ट लावून पाह्य."

"मले नका शिकवू!"

तो पुन्हा घासायला लागला, तेव्हा मीच माउस ओढून फॉन्ट बदलला. नातीचं नाव झळकलं.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "पुसलं की जमते."

विशीत मी अशा माणसाकडे आ वासून पाहत राहिले असते. असते कसली! खिशातली दोन पेनं पाहून विशीतल्या त्या बावळट पोरीने अशाच एकाशी लग्नच केलं.

घरी येऊन त्यांना सगळं सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. पुसूनच लावा लागते."