सॉफ्टवेअर फुकटचं, म्हणून बेवारस?

मंडळी, दुपारच्या मीटिंगपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

मी शहापूरजवळच्या एका गोदामात कॉम्प्युटरचं काम बघतो. मालाची नोंद आम्ही ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर ठेवतो. त्याचा कोड सगळ्यांना खुला असतो, हवा तसा बदलता येतो. डिस्पॅचच्या कमलताईंना इंग्रजी स्क्रीन जमेना, तेव्हा मी ती मराठीत करून दिली. तेव्हापासून त्या कुणालाही न विचारता गाड्या भरून सोडतात.

आज मुंबईहून आयटीचे नवे हेड आले. म्हणाले, "हे फुकटचं आहे. उद्या बंद पडलं तर जबाबदार कोण?" आणि एका मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर दाखवायला लागले.

मागून कमलताई बोलल्या, "सायेब, हा काय बसलाय इथं! अडलं का आमी याला हाक मारतो. तुमच्यात मराठी हाय का नाय?"

"सध्या नाही. कंपनीला कळवू," साहेब हसले. पुढच्या महिन्यापासून नवीन सुरू, हे तिथंच ठरलं.

बॅकअप, दुरुस्ती, सगळं सांगायची माझी तयारी होती. पण साहेबांनी मला विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

बाहेर आल्यावर ताईंनी मला धरलं. "तू कशाला गप रायलास रे?"

आता साहेबांना मेल केलाय: बदलण्याआधी एक दिवस कमलताईंच्या शेजारी बसून बघा.

तुमच्याकडे असं कधी कुणी येऊन बसलंय का हो?