थोरल्याची पत्रिका

बब्रुवानबद्दल माझ्याकडून गोड ऐकायचं असेल, तर हे इथंच मिटवा. चौदा वर्षं मी एसटी चालवली आणि तो माझ्या गाडीवर कंडक्टर होता. बोगस पासवाला त्याला बरोबर कळायचा. पण पकडल्यावर गुपचूप उतरवणं त्याला जमलं नाही. आधी अख्ख्या गाडीसमोर त्याची शोभा करायचा, मग उतरवायचा. आपण बरोबर असण्याचं त्याला व्यसनच होतं.

रिटायर होऊन तो आमच्या जळकोटला आल्यावर त्याच्या नातीनं, सृष्टीनं, त्याच्या फोनमध्ये चॅटबॉट टाकून दिला. लॉटरी, बक्षीस, वीज तोडण्याची धमकी, काहीही आलं की त्याचा फोटो दाखवून विचारायचं. बब्रुवान त्याला ‘चेकरसाहेब’ म्हणायचा. गावातले लोक फोन घेऊन त्याच्या ओट्यावर यायचे. चारदोन जण वाचलेही, ते मी नाकारत नाही. पण प्रत्येकाला आधी “येडं हैस का?” ऐकावं लागायचं.

हायवेच्या पलीकडं त्याचा धाकटा भाऊ वैजनाथ राहतो. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत सात वर्षं अबोला. वैजनाथच्या मुलीचं, समृद्धीचं, लग्न तामलवाडीत ठरलं, तेव्हा बब्रुवानची बायको, धुरपतावहिनी, मला म्हणाल्या, “शंकरप्पा भावजी, पत्रिका द्यायला तरी धाकले भाऊजी येतील की. आले म्हंजी ह्ये बोलतील.” आमच्याकडं पहिली पत्रिका अणदूरच्या खंडोबापुढं ठेवतात आणि दुसरी थोरल्या भावाच्या घरी. नवराबायकोनं जोडीनं जायचं, हळदीकुंकू लावायचं, अक्षतांसकट पत्रिका हातात द्यायची. त्यानंतर बाकीचं गाव. बाईनं सगळी आशा त्या दुसऱ्या पत्रिकेवर ठेवली होती.

रविवारी सकाळी नऊला मी त्यांच्याकडं चहा पीत होतो. बब्रुवानचा फोन वाजला. वैजनाथच्या नंबरवरून ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल आली होती, खाली ‘सहकुटुंब यावे’.

बब्रुवान लालबुंद झाला. “थोरल्याला फोनवर पत्रिका! दारात यायला पाय मोडले व्हय त्याचे?”

तरी सवयीनं त्यानं चेकरसाहेबांना विचारलं आणि उत्तर मोठ्यानं वाचलं, “ही पत्रिका नाही, फोनमध्ये बसणारं अ‍ॅप दिसतं. उघडू नका.” एवढं वाचून गडी थांबला. मी फोन ओढून पुढचं वाचलं: ‘पाठवणाऱ्याला लगेच फोन करून सांगा. त्यांच्या फोनचा ताबा दुसऱ्या कुणी घेतला असेल आणि हीच फाइल त्यांच्या नावानं इतरांनाही जात असेल.’

“कर फोन,” मी म्हणालो.

“म्या? सात वर्सांनी म्या आदी बोलू? आमी उघडली न्हाय, बास. त्याचं त्यो बघंल.”

वैजनाथचा नंबर माझ्याकडंही होता. भावाभावांच्या भानगडीत कशाला पडा, म्हणून मी चहा संपवून घरी गेलो. त्याची मला आजही लाज वाटते. बब्रुवानला वाटत नाही.

साडेदहाला तामलवाडीत नवऱ्या मुलाच्या बापानं तीच फाइल उघडली. सोयऱ्याची पत्रिका, कोण उघडणार नाही? दुपारपर्यंत त्यांचं खातं साफ. शिव्या वैजनाथला. लग्न मोडता मोडता राहिलं, तेही पोरगा अडून बसला म्हणून.

आणि हा शहाणा संध्याकाळी हॉटेलात सगळ्यांसमोर सांगतो, “मला सकाळी नवालाच कळलं व्हतं!”

तासाभरात वैजनाथ बायकोला घेऊन बब्रुवानच्या दारात उभा राहिला. खांद्याला पिशवी होती.

“दादा, तुमाला नवाला कळलं व्हतं?”

“म्या फसलो न्हाय,” बब्रुवान म्हणाला. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य हे.

“नवाला आमी अणदूरला देवापुढं पत्रिका ठिवीत व्हतो. दुसरी ह्या पिशवीत हाय, सकाळधरनं. थोरल्याला कुणी फोनवर धाडतं व्हय, दादा? सगळ्या गावाचं खोटं तुमी धरता. ह्ये तुमाला धरता आलं न्हाय?”

वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन धावत बाहेर आल्या, तोवर ती दोघं हायवे ओलांडत होती. पिशवी खांद्यालाच होती.

आठ दिवसांनी वैजनाथच्या नंबरवरून पुन्हा पत्रिका आली. बब्रुवाननं माझ्यादेखत ती चेकरसाहेबांना दाखवली. उत्तर आलं, ‘हा साधा फोटो आहे. संशय घेण्यासारखं काही दिसत नाही. तरी शंका असेल, तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा.’

मी फोटो मोठा करून पाहिला. छापील पत्रिकेचाच होता. निमंत्रकांत पहिलं नाव बब्रुवानचं होतं. त्या रविवारच्या आधीच छापून घेतलेलं.

“खरी हाय का?” वहिनींनी विचारलं.

“खरी हाय,” तो म्हणाला.

वहिनी आठ दिवस दाराशी ठेवलेला करंडा घेऊन आत गेल्या आणि फडताळात ठेवून आल्या. बब्रुवाननं तोच फोटो पुन्हा चेकरसाहेबांना दाखवला, खोटा निघतो का बघायला.