दही-साखरेच्या दोन वाट्या

आमच्या घरात बुद्धिबळ कुणी घुसवलं याचा शोध घ्यायचा झाला तर आरोपी एकच, आमचे हे! मुलगा सहा वर्षांचा असताना आम्ही मे महिन्यात म्हैसूरहून मिरजेला, माझ्या माहेरी निघालो होतो. पोरगं गाडीत एका जागी बसेना, म्हणून ह्यांनी स्टेशनावर घेतलेला चुंबकाच्या सोंगट्यांचा छोटा पट त्याच्यापुढे मांडला. मिरज यायच्या आत त्यानं बापाला हरवलं. "मुद्दाम हरलो," असं हे आजही छातीठोकपणे सांगतात. पण मुद्दाम हरलेला माणूस घाईघाईनं "पुन्हा मांड, पुन्हा मांड" म्हणत नाही. मी समोरच्या बाकावर बसले होते ना.

तेव्हापासून जे सुरू झालं ते झालं. माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नाला जाणं एका स्पर्धेपायी बुडालं आणि माझी बहीण वर्षभर माझ्याशी बोलली नाही. म्हैसुरात सरस्वतीपुरमला आम्ही ज्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो ते घरमालक निवृत्त मास्तर. जिन्यात भेटले की कन्नडमधून एकच प्रश्न: "चेस सरी, ओदु?" म्हणजे बुद्धिबळ ठीक आहे, अभ्यासाचं काय? पोरगा चषक घेऊन येवो नाहीतर हरून येवो, प्रश्न तोच.

ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म लागतात. नॉर्म म्हणजे काय हे मला मुलानं कितीदा समजावलं असेल! माझ्यापुरतं मी असं धरलंय की मोठ्या स्पर्धेत, मोठमोठ्या खेळाडूंपुढे ठरलेले गुण काढले की एक नॉर्म. वर पुन्हा रेटिंगचा डोंगर आहेच. मुलगा एकोणीस वर्षांचा होईतो रेटिंग झालं, दोन नॉर्म झाले. तिसरा मात्र नुसता झुलवत होता. एकदा ऐन वेळी ताप आला, एकदा अर्ध्या गुणानं हुकला. दर वेळी मी म्हणायचे, "जाऊ दे रे, पुढच्या वेळी," आणि आत जाऊन भांडी आपटायचे.

आता दुसऱ्या पोराचं सांगते, कारण आमच्या घरात एव्हाना पोरं दोन झाली होती. हा सरगूरचा, म्हैसूरपासून लांबच्या एका गावचा. घरी आल्याची शेती. एका स्पर्धेत त्यानं माझ्या मुलाला हरवलं आणि संध्याकाळी त्याचे वडील मला म्हणाले, पहाटेच्या बसनं निघालं तरी पहिल्या फेरीला उशीर होतो, पोराचा डाव न खेळताच जातो. माझं तोंड नेहमीच डोक्याच्या पुढे धावतं. "मग आमच्याकडे ठेवा की!" म्हणून बसले. दोन दिवसांसाठी आलेला मुलगा स्पर्धा आल्या की राहायला लागला, मग सुट्ट्यांतही, आणि सहा वर्षं कशी गेली कळलंच नाही. आला की पिशवीभर अवरेकाळू, म्हणजे ताजे वाल, आणायचा. मला आंटी म्हणायला लागला तेव्हा मी दटावलं, आंटी म्हणू नकोस, साबण विकायला आल्यासारखं वाटतं. तेव्हापासून काकू. मराठी शिकला ते आमच्या ताटावर बसून, त्यामुळे त्याला भाज्यांची नावं सगळी येतात आणि बाकी बेतास बात.

एक सवय मात्र त्याची जाईना. दुसरं थालीपीठ घ्यायच्या आधी तो विचारणारच, "काकू, अजून एक घेऊ का?" अरे घे की बाबा, तुझ्यासाठीच लावतेय! तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच.

तर ती स्पर्धा म्हैसूरलाच होती. दोघंही झकास खेळत होते. शेवटच्या फेरीत कोण कुणाशी हे संध्याकाळी फोनवर आलं. मी वाल सोलत होते. मुलानं वाचलं आणि फोन सरगूरच्या पोराकडे दिला. त्यानं वाचलं. मग दोघं एकदम हसले, ओशाळं, उगाचच. मी म्हटलं, "काय झालं? बोला की!"

ह्या दोघांचीच गाठ पडली होती. माझ्या मुलाला फक्त अर्धा गुण हवा होता. डाव बरोबरीत सुटला की तिसरा नॉर्म आणि मुलगा ग्रँडमास्टर. सरगूरच्या पोराला इंटरनॅशनल मास्टरचा, म्हणजे ग्रँडमास्टरच्या खालच्या पायरीचा, पहिला नॉर्म मिळत होता, पण तो जिंकला तरच. बरोबरी झाली की त्याच्या हाती भोपळा.

ओळखीतले खेळाडू चार चाली खेळून हात मिळवतात आणि चहाला जातात, हे ह्या खेळात सगळ्यांना ठाऊक आहे. ठरवून करणं नियमात बसत नाही, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. हे स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, "आपलाच पोरगा आहे तो. तू एक शब्द टाकून बघ."

"तुम्ही टाका," मी म्हटलं.

"माझं ऐकेल न ऐकेल. तुझं नक्की ऐकेल."

तेच तर मला डाचत होतं. हे खरं बोलत होते.

एरवी एका पटावर डोकं लावून बसणारी पोरं त्या संध्याकाळी एक गच्चीत आणि एक हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसली. मी दोघांना चहा नेऊन दिला आणि कुणाच्याच पडद्याकडे बघितलं नाही. बघून मला कळणार होतं काय, कप्पाळ!

सकाळी मुलगा आंघोळीला गेला होता. सरगूरचा पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून फ्रिजपाशी येऊन उभा राहिला. "काकू," तो म्हणाला, "आज ड्रॉ करू का?"

मी साखरेचा डबा उघडला. तो म्हणाला, "तुम्ही फक्त हो म्हणा. मला पुढच्या वेळी मिळेल."

खरं सांगते, हो अगदी ओठांवर आलं होतं. मुलाच्या गळ्यातला हार दिसला, बहिणीचा चेहरा दिसला, जिन्यातले मास्तर दिसले. एकच तर शब्द! आणि मग मला काय झालं कोण जाणे, असा संताप आला! तो उभा होता ना, तो अगदी दुसरं थालीपीठ मागताना उभा राहायचा तसाच उभा होता. सहा वर्षं माझ्या घरात वावरून ह्या पोराला अजून वाटतं की काकूंना काहीतरी परत द्यायला हवं?

"माझ्याकडे जेवलास म्हणून पटावर नमतं घेणार होय रे?" मी इतक्या जोरात ओरडले की तो मागे सरकला. "गुमान खेळ! जीव तोडून खेळ. मुद्दाम सोडलंस असं मला नुसतं कळू दे, पुन्हा ह्या दारात पाय ठेवायचा नाहीस!"

डबा असा आपटला की साखर ओट्यावर सांडली. निघताना प्रश्न आला, दही-साखर आधी कुणाच्या हातावर? शेवटी दोन वाट्या, दोन चमचे, दोन हात, आणि दोघांना एकदमच दिली. मुलगा म्हणाला, "आई, तू सर्कशीत जा."

पालकांना आत सोडत नाहीत. आम्ही दोघं बाहेर झाडाखाली बसलो. एकेक खेळाडू बाहेर येत होता, आमचे काही येईनात. मग मुलगा आला, दोन्ही हात खिशात. मला पट कळत नाही, पण त्याची चाल कळते. "हरलो," तो म्हणाला. "मध्ये मी ड्रॉ विचारली होती. त्यानं खूप वेळ विचार केला आणि नको म्हणाला. भारी खेळला गं." मला रडू येत होतं, म्हणून मी स्कूटर उन्हात लावल्याबद्दल ह्यांच्याशी कडाकडा भांडले.

घरी आलो, तर सरगूरचा पत्ता नाही. बॅग आमच्याकडेच. फोन लावला तर स्वारी बसस्टँडवर!

"बॅग टाकून कुठे निघालास? जेवायला काय अक्षता पाठवू?"

पलीकडे नुसता हॉर्नचा आवाज. मग बारीक आवाजात, "येऊ का, काकू?"

"ये, मुकाट्यानं!"

तो आला. दार माझ्या मुलानं उघडलं, दंड धरून त्याला आत ओढलं आणि म्हणाला, "तो शेवटचा हत्ती तिथे का नेलास ते दाखव आधी." दोघं फरशीवर पट मांडून बसले. मी आत जाऊन पोटभर रडले, आणि मग भात लावला.

चार-पाच महिन्यांनी परदेशात, कुठल्याशा गारठलेल्या गावी, तिसरा नॉर्म झाला. त्या डावाची तयारी सरगूरच्या पोरानं इथून फोनवर करून घेतली होती. शेवटची चाल दिसली तसा तो असा ओरडला की घरमालक धावत वर आले. मी म्हटलं, "ग्रँडमास्टर झाला!" त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे पुसले, "संतोष" म्हणाले, म्हणजे आनंद झाला, आणि लगेच, "ओदु?"

मुलगा परत आला त्या दिवशी मी थालीपिठं लावत होते. तो ओट्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "आई, त्या सकाळी मी नळ बंद करून ऐकत होतो. तू हो म्हणशील म्हणून जाम घाबरलो होतो."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "का रे? त्याच दिवशी झाला असतास की."

"झालो असतो. पण मग तो पुन्हा आपल्याकडे जेवला नसता."

तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, "काकू, अजून एक थालीपीठ!" विचारणं नाही, संकोच नाही, सरळ हुकूम. मी डोळे पुसले आणि तव्यावर तेल सोडलं.