सुतळीच्या गाठी

तळहातावर इष्टलिंग असताना आप्पा कुणाशी बोलत नसत. माझ्या सासऱ्यांना सारं वालूर आप्पाच म्हणायचं. किराणा दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे आणि मोजकं बोलणं. सख्ख्या भावाच्या मरणाची खबर आली तेव्हाही ते पूजा आटोपूनच उठले होते. असा माणूस भर पूजेतून उठलेला मी एकदाच पाहिला, तोही एका कुत्र्यासाठी.

कुत्रं तरी कसलं! भुऱ्या एका डोळ्यानं आंधळा, मागच्या पायानं लंगडा, अंगभर खरूज आणि वर फेफरं. मी नवी नवरी होऊन आले आणि आठवड्यातच तो माझ्यासमोर कोसळला. पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला. माझ्या माहेरी, पेडगावला, माणसाला करतात तेच मी केलं. चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. आप्पा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हेच, "सूनबाई, त्याला आधीच श्वास पुरंना, त्यात तुझी चप्पल कशाला?"

त्यांनी आजूबाजूचे दगड सारले, त्याला कुशीवर वळवून डोक्याखाली पोतं सरकवलं आणि रुद्राक्षाची माळ काढली. घरात घड्याळ नव्हतं. 'नमः शिवाय' म्हणत ते मणी ओढत. झटका बहुधा अर्ध्या माळेत थांबे. मग दाराला टांगलेल्या सुतळीला त्या झटक्याची एक गाठ. त्या गाठींवरूनच त्यांच्या ध्यानात आलं, की खरजेला लावलेलं करंजाचं तेल भुऱ्यानं चाटलं, तर झटके लागोपाठ येतात. तेल बंद झालं, कडुलिंबाचं पाणी आलं. उपाशी पोटीही झटका येई, म्हणून भाकरी तीनदा. "एकाचं औषद दुसऱ्याला बाधायलंय. बघत बघतच करावं लागतंय," ते म्हणत. मला मात्र त्या खरजेची शिसारी येई. मी लांबूनच बघत असे.

एका उन्हाळ्यात शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं चावून एक बाई गेली. फेसाळलेलं कुत्रं दिसेल तिथं मारा, असा ठाण्याच्या फौजदाराचा, अमीनसाहेबांचा, हुकूम सुटला. दुसऱ्याच सकाळी भुऱ्या गल्लीत कोसळला. लोक काठ्या घेऊन धावले, सोबत निजामाच्या पोलिसांचा एक जवान. मी देवघराच्या दारातून ओरडले, "मामंजी, भुऱ्या!" आप्पा लिंग वस्त्रात बांधत तसेच उघड्या अंगानं आले आणि कुत्र्याला खेटून बसले.

"पागल है ये, हटो," जवान म्हणाला.

"पिसाळलेलं कुत्रं पाणी पीत न्हाई. एक माळ थांबा. न्हाई प्यालं तर तुमी मारा, मी आडवा येणार न्हाई."

अर्ध्या माळेला पाय झाडणं थांबलं, पण भुऱ्या डोळा उघडेना. मी पाण्याची वाटी आणली. आप्पांनी मणी सोडले नाहीत. "तूच धर," म्हणाले. त्या खरजुल्या मानेखाली मी हात घातला. माळेचे चार-पाच मणी उरले असतील, तेव्हा त्यानं मान उचलली आणि वाटी चाटूनपुसून साफ केली. जवान निघून गेला. मला आनंदानं रडू फुटलं.

आप्पा गेले ते रझाकारांच्या धामधुमीत, तापानं. जाण्याआधी त्यांनी माळ माझ्या हातात दिली. "मणी सावकाश ओढ. घाबरलं की घाई हुती."

समाधी देऊन मंडळी परतली तेव्हा भुऱ्या दारातच पाय झाडत होता. कुणीतरी चप्पल पुढं केली. ती मी बाजूला सारली, पोतं ओढलं आणि मणी धरले. अर्ध्या माळेत तो शांत झाला. मग उठून मी सुतळीला गाठ मारली. घाईत सैल बसली. सोडून पुन्हा मारली.