विनायकचा उजवा हात

विनायक गेल्याचा निरोप त्याच्या शेजाऱ्याने सकाळी दारात उभं राहून दिला. "पंडितजी के बेटे नहीं रहे," एवढंच. मी दाढी करत होतो. ब्लेड गालात शिरलं, रक्त बनियनवर ओघळलं, आणि मनात पहिल्यांदा दुःख आलंच नाही... सुटलो, असं वाटलं. त्याला आता पाच आठवडे झाले. त्याच्यावर काही लिहा, असं कचेरीतल्या मंडळींनी मला सुचवलं, कारण त्यांच्या लेखी मी त्याचा जिवलग मित्र.

आम्ही इथल्या एका सरकारी कचेरीत कारकून. तो इथल्याच रामघाटावर पिढ्यान्पिढ्या पौरोहित्य करणाऱ्या मराठी घरातला, मी साताऱ्याकडून बदलून आलेला. सात वर्षांपूर्वी, नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा, साहेबांनी त्याला कॉम्प्युटर शिकायला दोन महिने लखनौला पाठवलं. परतला तो अंगात आल्यासारखाच. एका रविवारी मला आणि आमच्या शिपायाला, रामधनीला, घरी बोलावून त्याने जमिनीवर सोळा रिकाम्या काडेपेट्या मांडल्या. प्रत्येकीवर नंबर, आत चिठ्ठी. "ही मेमरी. आणि तू प्रोसेसर," मला म्हणाला. हातात दोन पाट्या दिल्या. एकीवर पुढच्या पेटीचा नंबर, दुसरीवर चालू हिशेबातली संख्या. त्याची बायको, म्हणजे वहिनी, थाळीवर पळी मारायच्या. ठण्ण झालं की चिठ्ठी आणायची, पुन्हा ठण्ण की तिचा अर्थ लावायचा, तिसऱ्या ठोक्याला सांगितलेलं करायचं आणि पुढच्या नंबराकडे वळायचं. 'बाराव्या पेटीतली संख्या घे.' 'तेराव्यातली तिच्यात मिळव.' 'उत्तर शून्य आलं तर नवव्या पेटीकडे जा, नाहीतर पुढे चल.' सात आणि पाचाची बेरीज करताना मला घाम फुटला. "खरा प्रोसेसर हेच एका सेकंदात लाखो वेळा करतो," विनायक म्हणाला, "आणि एवढंच करतो. अक्कल सगळी चिठ्ठ्यांत."

पुढच्या पेटीत रामधनीने थट्टेने आपली चिठ्ठी सरकवली होती, 'बगलवाले को एक थप्पड़.' शेजारी तोच बसला होता. थाळी वाजली आणि मी त्याच्या कानाखाली अशी दिली की टोपी उडाली. "अरे बाबूजी, सचमुच मार दिए!" सगळे पोट धरून हसले. विनायकही हसला, मग म्हणाला, "मशीनला 'का' विचारता येत नाही रे. तुला तोंड आहे ना?"

कचेरीत मात्र रान पेटलं होतं. मशीन आलं की निम्मे लोक घरी बसणार, असं युनियनचं म्हणणं. मी युनियनचा सहचिटणीस; घरात दोन मुली; मलाही भीती होतीच. मशीनचे खोके आले त्या दिवशी युनियनवाल्यांनी विनायकचा सदरा फाडला, तोंडाला शाई फासली. दुसऱ्या दिवशी तो कानामागे शाई तशीच घेऊन आला आणि तारा जोडायला बसला. "का महाराज, अब मशीन की आरती होगी?" युनियनचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही नेताजी म्हणायचो, ते ओरडले. विनायक म्हणाला, "आइए, आपको भी सिखा देंगे." लोक हसले. ते हसणं नेताजींना झोंबलं.

जेवणाच्या सुट्टीत नेताजींसह चौघे मशीनच्या खोलीत शिरले. मी पाचवा. मागून कुणीतरी विनायकच्या डोक्यावर पोतं ओढलं. मशीनची काच फुटली, त्या काचांवरच त्याला आडवा पाडून बुटांनी तुडवला... बरगड्या, पाठ, कान. "हाथ पकड़ इसका," नेताजी माझ्याकडे बघून म्हणाले. मी पकडला. उजवा. दोन्ही हातांनी फरशीवर दाबून. शटरची लोखंडी कांब त्याच्या बोटांवर तीनदा उतरली. तिसऱ्यांदा आवाज बदलला, सुका होता तो ओला झाला. पोत्यातून तो विचारत होता, "कोण आहे रे? कोण आहे?" मराठीत. त्या खोलीत ते समजणारा मी एकटाच होतो. मी पकड घट्ट केली.

विनायकने पोलिसांना सांगितलं, चेहरे दिसले नाहीत. बोटं जुळली, पण वाकडी. मूठ कधी वळली नाही. पुढे दुसरं मशीन आलंच, आणि कोणाचीही नोकरी गेली नाही. विनायकने डाव्या हाताने एकेक कळ दाबत मला शिकवलं, आणि मी शिकलोही. दर रविवारी त्याच्याकडे चहा प्यायला जायचो, आज सांगायचंच असं ठरवून. तो घरी आणलेल्या जुन्या मशीनचं लोखंडी खोकं उघडून मला पंख्याखालचा प्रोसेसर दाखवायचा. मी मान डोलवायचो, कप खाली ठेवून घरी यायचो.

गेल्या आठवड्यात वहिनींना सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "कुठला हात धरला होतात, भावजी?"

"उजवा."

त्या उठल्या आणि खुंटीवरचा त्याचा धुतलेला शर्ट घेऊन आल्या. "सात वर्षं मला बटणांना हात लावू दिला नाही त्यांनी. सकाळी अर्धा तास लागायचा. घाला हा."

मी घातला.

"उजवा हात पाठीमागे घ्या."

घेतला. काज सापडायचं तर बटण निसटायचं, बटण धरावं तर काज चुकायचं. नख उलटलं. वहिनी समोर बसून बघत होत्या, डोळे कोरडे. पहिलं बटण लागलं तेव्हा मला धाप लागली होती.

"अजून पाच आहेत," वहिनी म्हणाल्या.